अख्खा भारत मोगली बघायचा? एका वाक्याची उलटतपासणी

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायची आहे, अशा टप्प्यावर असलेल्या बऱ्याच जणांशी हल्ली बोलणं होतं. माध्यमं, मराठी किंवा समाजशास्त्र घेतलेल्यांपैकी कुणीतरी एक विषय हमखास काढतं: दूरदर्शनच्या जुन्या मालिका. विषय चांगलाच आहे. लोक त्यावर भरभरून बोलतात, विनोदी मालिका आणि साहसाच्या मालिका यांच्या आठवणी तर विचारायलाही लागत नाहीत. 'ये जो है जिंदगी'मध्ये सतीश शाह दर भागात वेगळं पात्र करायचे, 'करमचंद' गाजर खात खात खून शोधायचा, 'मालगुडी डेज' कर्नाटकातल्या आगुंबे गावात चित्रित झालं, ही माहिती कुणीही झोपेतून उठवलं तरी सांगेल.

अडचण पुढे येते. सिनॉप्सिसचं पहिलंच वाक्य बहुतेक वेळा असं असतं: "नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी अख्खा भारत मोगली बघायचा." ऐकायला गोड वाटतं. पण व्हायवाला समोर बसलेल्या माणसानं शांतपणे विचारलं, "अख्खा म्हणजे कोण?" तर तुमच्याकडे काय उत्तर आहे?

आज आपण या एका वाक्याची उलटतपासणी करू. त्यातले तीन शब्द घेऊ: 'अख्खा', 'मोगली' आणि 'बघायचा'. हे सगळं चंद्रपूर-गडचिरोलीत बसून करू, कारण इथून बघितलं की या वाक्यातल्या फटी लवकर दिसतात.

पहिला शब्द: 'अख्खा'

आधी काही तारखा बघा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींच्या पात्रांवरची 'चिमणराव' मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठी टीव्हीच्या इतिहासावरचा कुठलाही लेख उघडा, "या मालिकेनं महाराष्ट्राला वेड लावलं" हे वाक्य सापडेल.

आता नकाशा काढा. चंद्रपूर हे मुंबई-पुण्यापासून सरळ रेषेत सहाशे-सातशे किलोमीटर दूर. टॉवरवरून येणारं प्रक्षेपण इतकं लांब येत नाही. म्हणजे त्या वाक्यातला 'महाराष्ट्र' हा दोन टॉवरांच्या टप्प्यातला महाराष्ट्र आहे. इकडच्या वाचणाऱ्या घरांना चिमणराव पुस्तकातून माहीत होता. एकच पात्र, पण पुण्यात ते प्रभावळकरांच्या चेहऱ्यानं ओळखलं जात होतं आणि इकडे छापील अक्षरातून. 'माध्यम आणि प्रदेश' असं शीर्षक देणार असाल तर हा फरकच तुमचा विषय आहे. तो पहिल्याच वाक्यात पुसून टाकू नका.

शेजारी बघा. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत टीव्ही पोहोचवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं त्यात होती. तेव्हाच्या मध्य प्रदेशातला, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधला रायपूरकडचा भाग त्यात होता. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की पलीकडच्या काही गावांत सामुदायिक टीव्ही संच आलेला होता, अलीकडे नाही. जंगल सारखंच, हद्द फक्त कागदावरची. तुलनात्मक संशोधनासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

पुढची जोडी तर लक्षातच ठेवा. १५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. अकरा दिवसांचं अंतर. एकीकडे 'संपूर्ण देशानं एकाच वेळी बघायचं' ही कल्पना जन्माला येत होती आणि दुसरीकडे मुख्यालय फार लांब पडतं म्हणून नवा जिल्हा होत होता. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, तसा लावूही नका. पण ज्या वर्षी 'अख्खा भारत' टीव्हीवर आला, त्याच वर्षी या भागाचं 'लांब असणं' सरकारी कागदावर मान्य झालं, एवढं म्हणायला हरकत नाही.

१९८४ मध्ये देशभर काही महिने जवळजवळ रोज एक प्रक्षेपण केंद्र सुरू होत होतं. त्यातली बहुतेक कमी शक्तीची, शहर आणि आसपासचे काही किलोमीटर एवढाच त्यांचा टप्पा. म्हणजे जिल्ह्याच्या गावी चित्र स्वच्छ, तालुक्याला मुंग्या, आणि एटापल्ली-भामरागडकडे अँटेना कितीही फिरवला तरी काही नाही. शिवाय टीव्हीला वीज लागते, आणि विजेचा इतिहास गावागणिक वेगळा.

मग 'अख्खा' मोजायचा कसा? मार्ग आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टीव्हीला परवाना लागायचा आणि तो पोस्टातून मिळायचा. तेव्हा पोस्टाच्या जुन्या नोंदी कुठे असू शकतात, याची चौकशी करा. २००१ च्या जनगणनेत घरात टीव्ही आहे का हा प्रश्न होता आणि त्याचे जिल्हावार आकडे मिळतात. नागपूरच्या वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत रोजचे टीव्हीचे कार्यक्रम छापलेले असतात. या तिन्ही गोष्टी कंटाळवाण्या आहेत. पण 'अख्खा' हा शब्द काढून तिथे आकडा किंवा गावाचं नाव घालायचं असेल तर याच कामाला येतात.

मध्येच एक प्रश्न: लोक हसत कशाला होते?

'ये जो है जिंदगी' १९८४ ची, 'नुक्कड' १९८६ ची, 'वागळे की दुनिया' १९८८ ची. या तिन्हींशी कुंदन शाह यांचं नाव जोडलेलं आहे, आणि तिन्हींचा विनोद शहराचा आहे: फ्लॅट, नाका, कारकुनाची नोकरी. त्यांच्या दर्जाबद्दल मला शंका नाही. 'वागळे'मधला अंजन श्रीवास्तव यांचा संकोच आजही बघावा असा आहे. पण तुमचा प्रश्न "ऐंशीच्या दशकात लोक कशाला हसत होते?" असा असेल आणि तुम्ही फक्त दूरदर्शनची यादी काढत असाल, तर या भागापुरतं उत्तर चुकणार.

कारण इथे झाडीपट्टी रंगभूमी आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. गावोगाव मंडप पडतात, नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं, पाहुणे मुक्कामाला येतात. त्यात विनोदी पात्राची जागा ठरलेली, आणि त्याची बोली प्रेक्षकांच्या घरातली. २०२३ मध्ये याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्रात अनेकांनी 'झाडीपट्टी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल.

टीव्ही आल्यावर नाटक मेलं, असं सोपं विधान बऱ्याच प्रबंधांत असतं. झाडीपट्टी हे त्याला उघड उलट उदाहरण आहे: टीव्ही आला, केबल आली, मोबाईल आला, तरी तिकिटं विकली जातात. का? तीन वर्षं पुरेल एवढा हा प्रश्न आहे. घ्या कुणीतरी.

याच संदर्भात एक अवघड गोष्ट. मराठी-हिंदी विनोदात आपला जिल्हा येतोच, पण कसा येतो? "गडचिरोलीला बदली करीन" अशी धमकी म्हणून. सिनेमात, मालिकांत, ऑफिसच्या गप्पांत हा विनोद इतका मुरलाय की सांगणाऱ्याला तो विनोद आहे हेही जाणवत नाही. ऐकणारा गडचिरोलीचाच असेल तर? ज्या गावात तो जन्मला, शिकला, जिथे त्याला नोकरी हवी आहे, ते गाव दुसऱ्याची शिक्षा आहे. जुन्या विनोदी मालिकांवर समीक्षा लिहिताना "निखळ, निरागस विनोद" हे शब्द आपण सहज वापरतो. वापरण्याआधी कुणाच्या जागेवर बसून हसलं जातंय, ते तपासा.

दुसरा शब्द: 'मोगली'

आता मालिकेकडे येऊ. आपण जिला 'मोगली' म्हणतो ती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं केलेली ५२ भागांची मालिका. जपानमध्ये ती १९८९-९० मध्ये दाखवली गेली, आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिंदीत आली. हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा.

एक छोटा प्रयोग करा. कुणालाही या मालिकेतलं काय आठवतं ते विचारा. बहुतेक लोक आधी गाणं गुणगुणतील, मग शेरखानची नक्कल करतील. या दोन्ही गोष्टी मूळ जपानी मालिकेत नाहीत! त्या हिंदी आवृत्तीसाठी इथे तयार झाल्या. म्हणजे आपली आठवण ज्या कलाकृतीची आहे ती जपानी नाही. चित्रं जपानी, गोष्ट इंग्रजी, कान हिंदी. "जपानी ॲनिमेशनचा भारतीय बालमनावर प्रभाव" असं शीर्षक घेऊन निघालात तर पहिल्याच मुलाखतीत गाडी घसरेल, कारण समोरचा माणूस ज्या प्रभावाबद्दल बोलतोय तो मुंबईच्या ध्वनिमुद्रणाचा आहे. संहिता नेमकी कोणती, हे ठरवल्याशिवाय समीक्षा सुरूच होत नाही.

यात किची नावाचं एक लहान प्राणी-पात्र आहे. तो लाल पांडा. लाल पांडा पूर्व हिमालयात राहतो. आपल्याकडे सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचलमध्ये. मध्य भारतातल्या सागाच्या जंगलात त्याचं काय काम? अशा तपशिलांना आपण ट्रिव्हिया म्हणतो आणि सोडून देतो. पण हा तपशील सांगतो की पडद्यावरचं जंगल कुठलंच विशिष्ट जंगल नव्हतं. ते 'जंगल' या कल्पनेचं चित्र होतं. गंमत म्हणजे मूळ पुस्तकात जागा अगदी विशिष्ट आहे, आणि ती आपल्या शेजारची आहे.

रुडयार्ड किपलिंगचं 'जंगल बुक' १८९४ चं. लांडग्यांची टोळी 'सिओनी'ची, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या सिवनीची. आणि गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारी नदी कोणती? वैनगंगा. शेरखान मरतो तो वैनगंगेच्या कोरड्या घळीत, म्हशींच्या कळपाखाली. दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची टोळी येते तेव्हा मोगली तिला वैनगंगेच्या कड्यावरच्या मधमाश्यांवर नेऊन घालतो. तीच वैनगंगा सिवनीतून निघून बालाघाट, भंडारा करत खाली येते, चंद्रपूर आणि गडचिरोलीची हद्द होते, मार्कंड्याच्या देवळाला वळसा घालते, चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. आपल्या पोरांनी रविवारी सकाळी टीव्हीवर जे जंगल बघितलं, त्याची नदी घराच्या मागून वाहत होती. हे त्यांना सांगितलं मात्र कुणी नाही.

किपलिंग स्वतः सिवनीला गेल्याचा पुरावा नाही. 'जंगल बुक' त्यानं अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून लिहिलं, आणि स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या सिवनीवरच्या १८७७ च्या पुस्तकाचा त्याला उपयोग झाला असं अभ्यासक मानतात. म्हणजे साखळी बघा: सातपुड्यातलं जंगल, इंग्रज शिकाऱ्याचं पुस्तक, अमेरिकेत लिहिलेली गोष्ट, टोकियोची चित्रं, मुंबईचे आवाज, आणि शेवटी मूल किंवा ब्रह्मपुरीतला टीव्ही. दर टप्प्याला काहीतरी गळतं.

काय गळतं? माणसं. किपलिंगच्या पुस्तकात गोंड येतात, पण क्षणभर, जंगलातले शहाणे शिकारी म्हणून. वसाहतीच्या काळातली नजर त्यात स्पष्ट आहे. आणि पडद्यावरच्या जंगलाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे: ते एका मुलाचं आणि प्राण्यांचं जंगल आहे. तेंदूपत्ता, मोहफूल, बांबू, निस्तार हक्क, वनरक्षक, यातलं काहीच तिथे नाही. ज्या चांद्यात गोंड राजांची राजधानी होती, ज्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तिथल्या मुलाला टीव्हीनं जंगल दाखवलं ते त्याच्या आईबापाशिवाय. साहसकथेला जंगल रिकामंच लागतं, कारण तिथे माणसं राहतात असं दाखवलं की साहस संपून रोजचं जगणं सुरू होतं.

एक गोष्ट मात्र किपलिंगच्या बाजूनं सांगायला हवी. त्याचा शेरखान नुसता दुष्ट नाही. तो जन्मापासून लंगडा आहे, म्हणून गुरं मारतो. गुरं मारल्यानं वैनगंगेकाठचे गावकरी चिडलेत, आणि लांडग्यांना भीती अशी की वाघ निघून जाईल, पण माणसं गवत पेटवतील तेव्हा जळू आपण. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल भागातल्या कुणालाही हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. मोहफुलं वेचायला किंवा पत्ता तोडायला गेलेला माणूस परत येत नाही तेव्हा गावात जे होतं, त्याची मांडणी या लहान मुलांच्या गोष्टीत आहे. मालिका बघताना हा धागा कोणत्या भागात उरतो आणि कुठे शेरखान निव्वळ खलनायक होतो, याची भागवार नोंद करा. पाच-सहा भागांतच तुम्हाला तुमचं प्रकरण दिसायला लागेल.

तिसरा शब्द: 'बघायचा'

आता आठवणींबद्दल. मुलाखती घेणार असाल तर हा भाग नीट वाचा.

लोक चुकीचं आठवतात. वार चुकतो, वर्ष चुकतं, दोन मालिका एकमेकींत मिसळतात. नवखा संशोधक अशा मुलाखती बाजूला टाकतो किंवा गुपचूप दुरुस्त करतो. दोन्ही करू नका. इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं काम यासाठी वाचा. तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीनं मेला. पण पुढे अनेक कामगार ही घटना १९५३ च्या कामगारकपातीच्या आंदोलनातली म्हणून सांगत. पोर्तेल्लींनी त्यांना खोटं ठरवलं नाही. त्यांनी विचारलं की आठवण सरकली का? उत्तर असं की कामगारांच्या लेखी खरी मोठी हार १९५३ ची होती, आणि त्या मरणाला तिथेच अर्थ मिळत होता. चुकीची तारीखही पुरावाच असते, फक्त वेगळ्या गोष्टीचा.

हे आपल्याकडे लावा. समजा एखादा माणूस मोगली 'रंगीत' आठवतो आणि घरी संच कृष्णधवल होता. चूक आहे का? २०१६ मध्ये 'जंगल बुक'चा नवा सिनेमा आला, हिंदीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचा आवाज होता आणि जुनं गाणं नव्यानं वाजलं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शननं मालिका परत दाखवली. तुम्ही आज घेतलेल्या मुलाखतीत १९९३, २०१६ आणि २०२० एकावर एक बसलेले असणार. म्हणून प्रश्नावलीत "तुम्ही मोगली बघायचात का?" एवढंच विचारू नका. कुणाच्या घरी बघितली? बसायला जागा कुठे मिळायची? आत की दाराबाहेर? वीज गेली तर काय करायचे? त्यानंतर पुन्हा कधी बघितली? शेजारच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून बघणारं पोर आणि सोफ्यावर बसलेलं पोर, दोघंही पुढे "आम्ही बघायचो" एवढंच म्हणतात. फरक तुम्ही विचारलात तरच कळतो.

आणि आठवणीतल्या बारीकसारीक माहितीला हसू नका. ब्रिटनमध्ये १९६३ ला सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या साहसमालिकेचे नव्वदहून अधिक जुने भाग बीबीसीच्या संग्रहातून नाहीसे झाले, कारण तेव्हा ते जपून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. त्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे. कशामुळे? घरी टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर धरून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. संस्थेनं जे टाकलं ते चाहत्यांनी ठेवलं. तुमच्या तालुक्यात कुणाच्या तरी माळ्यावर झाडीपट्टीच्या नाटकांच्या जुन्या कॅसेट असतील, कुणाच्या वहीत मालिकांच्या वेळा लिहिलेल्या असतील. त्या वह्या दर दिवाळीच्या सफाईत रद्दीत जातायत. सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट न बघता त्यांचे फोटो काढून ठेवा. मालकाची परवानगी घ्या, तारीख आणि गाव लिहून ठेवा.

मग ते वाक्य कसं लिहायचं?

आपल्या मूळ वाक्याचं आता काय झालं बघा. "नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी अख्खा भारत मोगली बघायचा" याऐवजी असं लिहिता येईल: "नव्वदच्या दशकात चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या अमुक गावांत 'जंगल बुक' या मालिकेची हिंदी आवृत्ती कोणाला, कुठे आणि कशी बघायला मिळाली, आणि आज ती कशी आठवली जाते, याचा हा अभ्यास आहे." वाक्य लांब झालं, गोडवा गेला. पण यातल्या एकेका शब्दावर तुम्हाला काम करता येईल, आणि "अख्खा म्हणजे कोण?" या प्रश्नाला घाबरायचं कारण उरणार नाही.

गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत २०११ मध्ये झालं. त्याआधी या भागातल्या मुलांना पीएचडीसाठी नागपूरला जावं लागायचं आणि विषयही बरेचदा तिकडचेच घ्यावे लागायचे. आता गाईड इथे आहेत, गावं इथे आहेत, आणि ज्यांनी पहिला टीव्ही गावात आलेला पाहिला ती माणसं अजून आहेत, पण साठी-सत्तरीत आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करा, आधी मोठ्यांपासून. मालिकांचे भाग नंतरही बघता येतील.

कुणी हा विषय घेत असाल तर प्रश्नावलीचा कच्चा खर्डा कॉमेंटमध्ये टाका. पुढच्या लेखात आपण मुलाखतीचं लिप्यंतर बघू: झाडीबोलीत सांगितलेली आठवण प्रमाण मराठीत 'सुधारून' लिहिली की तिच्यातलं काय काय जातं, ते उदाहरणांसह.